जुना स्मार्टफोन ऑनलाइन घेताना

वापरलेला फोन घेण्यात कमीपणा काहीच नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी, गावी असलेल्या आईसाठी किंवा स्वतःचा फोन अचानक बंद पडला म्हणून, अनेक घरांत हा व्यवहार होतो. चौदा-पंधरा हजारांचा फोन आठ-नऊ हजारांत मिळाला, तर उरलेले पैसे आवर्ती ठेवीचे चार हप्ते भरायला उपयोगी पडतात. तेव्हा ‘जुना फोन घेऊच नका’ असा सल्ला हा पाठ देणार नाही. तो कोणत्या क्रमाने घ्यावा, एवढेच इथे पाहायचे आहे. या व्यवहारात पैसे बुडतात, ते बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे: आधी पैसे जातात आणि तपासणी नंतर होते, किंवा होतच नाही.

शिवाय फोन ही आता नुसती बोलायची वस्तू राहिलेली नाही. खात्याला जोडलेले सिम त्यात असते, यूपीआय त्यात असते, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. पासबुक, एटीएम कार्ड आणि सही अशा तिन्ही गोष्टी आपण एका खिशात घालून फिरतो. म्हणून जुनी सायकल घेताना करतो तेवढी पारख इथे पुरत नाही.

विकणारा कोण आहे?

ऑनलाइन बाजारात जुने फोन दोन प्रकारांनी मिळतात. पहिल्या प्रकारात एखादी कंपनी किंवा दुकानदार वापरलेले फोन विकत घेतो, दुरुस्त करतो, बिल आणि काही महिन्यांची वॉरंटी देऊन विकतो. यांना ‘रिफर्बिश्ड’ फोन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कोणीतरी व्यक्ती आपला फोन जाहिरातीच्या साइटवर किंवा समाजमाध्यमावरच्या बाजारात टाकते आणि आपण थेट तिच्याशी बोलतो. इथे साइट म्हणजे फक्त जाहिरातीचा फळा. फळ्यावर चिठ्ठी लावणारा खरा की खोटा, याची हमी फळा देत नाही.

हा फरक किमतीतही दिसतो. रिफर्बिश्ड फोन बहुधा थोडा महाग पडतो. पण तो विकणारा व्यापारी असतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला लागू होतो. सदोष माल दिला, वॉरंटी नाकारली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि पुढे ग्राहक आयोगाकडेही जाता येते. आपला एक फोन विकणारी खासगी व्यक्ती व्यापारी नसते. तिच्याविरुद्ध हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. फसवणूक झाली तर पोलिसांकडे जावे लागते. आमचे मत विचाराल तर, घरातला एकच फोन असेल आणि बँक त्यावरच चालत असेल, तर हजारभर रुपये जास्त मोजून बिलाचा फोन घ्यावा. गाणी ऐकायला, मुलाच्या अभ्यासाला दुसरा फोन हवा असेल, तर व्यक्तीकडून घ्यायला हरकत नाही. अर्थात पुढची सगळी काळजी घेऊन.

स्वस्त, पण किती महिन्यांसाठी?

जुन्या फोनची किंमत मोजताना बहुतेक जण नव्याच्या किमतीतून जुन्याची वजा करतात. खरा हिशेब वेगळा आहे. फोन बनवणारी कंपनी त्याला ठरावीक वर्षेच सुरक्षा अपडेट देते आणि ती वर्षे ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण घेतल्या दिवसापासून नाही. अपडेट थांबले म्हणून फोन लगेच बंद पडत नाही. पण नव्या सापडलेल्या त्रुटी त्यात तशाच राहतात, आणि अँड्रॉइड फार जुने झाले की बँकांची ॲप त्यावर चालेनाशी होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नवा फोन १४,००० रुपयांचा आहे आणि त्याला अजून ४८ महिने अपडेट मिळणार आहेत. म्हणजे महिन्याला सुमारे २९२ रुपये. तीन वर्षे जुना फोन ८,००० ला मिळतो आहे, त्याची बॅटरी बदलायला १,५०० लागतील आणि अपडेटचे १८ महिने उरले आहेत. ९,५०० भागिले १८, म्हणजे महिन्याला सुमारे ५२८ रुपये. स्वस्त वाटलेला फोन जवळजवळ दुप्पट महाग निघाला! आता वर्षभर वापरलेला फोन पाहा: किंमत ९,०००, बॅटरी चांगली, ३६ महिने शिल्लक. महिन्याला २५० रुपये. फायदा असतो तो अशा फोनमध्ये.

म्हणून जाहिरातीतले नेमके मॉडेल कळले की ते कधी आले आणि त्याला अपडेट कधीपर्यंत आहेत, हे कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. फोन हातात आला की सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभरापूर्वीची असेल, तर विकणारा ‘एकदम नव्यासारखा’ म्हणत असला तरी फोन म्हातारा झाला आहे असे समजा. स्थानिक दुकानात बॅटरी आणि स्क्रीन बदलण्याचा दर आधीच विचारून ठेवा; भाव करताना तोच कामाला येतो.

‘फक्त टोकन टाका’

भाव फारच चांगला दिसला की दोनदा थांबावे. फसवणुकीची एक पद्धत देशभर इतक्या वेळा वापरली गेली आहे की ती पाठ व्हायला हवी. विकणारा सांगतो, ‘मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून फोन विकतोय.’ गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येते, कँटीन कार्डही येते. ही कागदपत्रे बहुतेकदा दुसऱ्याच कुणाची चोरलेली किंवा बनवलेली असतात. आपल्या मनात जवानाविषयी आदर असतो आणि ठग नेमका त्याचाच वापर करतो. भेटायला तो तयार नसतो, कारण ‘छावणीत बाहेरच्यांना सोडत नाहीत’. मग तो पार्सल पाठवायचे सुचवतो. आधी पाचशे रुपये टोकन. मग कुरिअरची पावती येते, त्यासोबत वाहतुकीचे दीड हजार. मग ‘विम्याचे भरा, पार्सल मिळताच परत येतील’. प्रत्येक वेळी रक्कम अशी असते की आधी गेलेले वाचवायचे म्हणून माणूस पुढचे भरतो. फोन कधीच येत नाही.

इथे आपल्याला एकच नियम पाळायचा आहे. फोन हातात येऊन तपासून होईपर्यंत अनोळखी व्यक्तीला एक रुपयाही पाठवायचा नाही. ना टोकन, ना बुकिंग, ना वाहतूक. ‘आणखी दोन गिऱ्हाइके रांगेत आहेत’ असे तो म्हणाला, तर ‘खुशाल द्या त्यांना’ म्हणावे. जुने फोन बाजारात रोज नवे येतात.

दुसरी युक्ती पैसे परत करण्याच्या नावाखाली होते. ‘चुकून जास्त आले, परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणत्याही लिंकवर जावे लागत नाही. अशा प्रकारांमुळेच एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर कोडची युक्ती मात्र चालूच आहे. आपला जुना फोन विकायला काढलात, तर ती तुमच्यावरही वापरली जाईल.

फोन कोणाचा आहे?

प्रत्येक मोबाइलला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात. डायल करायच्या जागी *#०६# टाकले की तो पडद्यावर दिसतो. भेटायला जाण्याआधीच विकणाऱ्याकडून पडद्याचा असा फोटो मागवा. खरा मालक तो पाठवायला कुरकुर करत नाही.

आता तो क्रमांक तपासायचा. दूरसंचार विभागाचे ‘संचार साथी’ पोर्टल मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. त्यावर ‘आपला मोबाइल जाणा’ ही सोय विनामूल्य मिळते. इंटरनेट नसेल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. उत्तरात फोनची कंपनी, मॉडेल आणि स्थिती कळते. स्थिती ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ अशी आली, तर फोन घेऊ नये, असे विभागाचेच सांगणे आहे. हातात सॅमसंग आणि उत्तरात दुसरीच कंपनी असेल, तर क्रमांक बदललेला आहे. आयएमईआयशी छेडछाड करणे दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

या तपासणीची एक मर्यादा आहे, ती ध्यानात घ्या. फोन काल चोरीला गेला आणि मालकाने अजून तक्रार केलेली नसेल, तर उत्तर स्वच्छच येईल. म्हणून मूळ बिल हवे. बिलावरचा, खोक्यावरचा आणि पडद्यावरचा आयएमईआय एकच आहे ना, हे आकडा आकडा मिळवून पाहा. ‘बिल हरवले’ असे म्हणणारा प्रत्येक जण चोर नसतो. पण ऑनलाइन घेतलेल्या फोनचे बिल खरेदीच्या खात्यातून पुन्हा काढता येते, आणि खऱ्या मालकाला ते पाच मिनिटांचे काम आहे.

चोरीचा फोन नकळत घेतला तर काय होते? वस्तुविक्री कायदा १९३० सालचा आहे (हा आकडा पुढे दुसऱ्या कारणासाठीही लागणार आहे). त्यातले तत्त्व सरळ आहे: विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराचा हक्क शून्य, म्हणून तुमचाही शून्य. पूर्ण पैसे मोजले असले तरी फोन मूळ मालकाकडे जातो. आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे समजायला सबळ कारण असूनही, तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो वेगळा गुन्हा होतो. वीस हजारांचा फोन पाच हजारांत, बिल नाही, खोके नाही, घाईत रेल्वे स्थानकाबाहेर, अशा सौद्यानंतर ‘मला काय माहीत’ म्हणणे अवघड जाते.

समोर बसून

भेट दिवसा, गजबजलेल्या जागी ठेवा. शक्य असेल तर ओळखीच्या मोबाइल दुकानात. दुरुस्ती करणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये देऊन फोन पाहून घेतला, तर ते पैसे वाया जात नाहीत. कोणाला तरी सोबत न्या, म्हणजे त्यांच्या फोनवरून इंटरनेटही मिळेल.

आपले सिम घालून फोन लावून पाहा. समोरच्याचा आवाज येतो का, आपला जातो का. कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग, बोटाचा ठसा हे पाहायला पाच मिनिटे लागतात. पडद्यावरचे एखादे चित्र धरून कोपऱ्याकोपऱ्यात फिरवा. जिथे ते सुटते, तिथे स्पर्श मेलेला आहे. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. ती ८० च्या खाली असेल, तर बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

सगळ्यात महत्त्वाचे, आणि सगळ्यात जास्त विसरले जाणारे, पुढेच आहे. विकणाऱ्याला त्याचे गूगल खाते तुमच्यासमोर फोनमधून काढायला सांगा. आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडायला सांगा. मग सेटिंगमधूनच फोन पूर्ण पुसायला लावा आणि तो पुन्हा सुरू होऊन इंटरनेटला जोडेपर्यंत थांबा. दहा-पंधरा मिनिटे जातील, जाऊ द्या. सुरू होताना त्याने जुन्या मालकाचे खाते किंवा पासवर्ड मागितला, तर फोन कुलूपबंद आहे. पासवर्डशिवाय तो तुमच्यासाठी विटेसारखा. ‘नंतर फोनवर सांगतो पासवर्ड’ या आश्वासनावर व्यवहार करू नका.

याच वेळी आणखी एक गोष्ट उघड होते. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीचे कुलूप-ॲप असते. हप्ता थकला की कंपनी दुरून फोन बंद करू शकते. फोन पुसला तरी ते ॲप परत येते. सुरू होताना पडद्यावर एखाद्या वित्त कंपनीचे नाव किंवा ‘हे उपकरण संस्थेच्या नियंत्रणात आहे’ अशा अर्थाची सूचना दिसली, तर सौदा थांबवा. कर्ज फिटल्याचा दाखला आणा, कुलूप काढून घ्या, मग बोलू, असे सांगा. नाहीतर दुसऱ्याचे कर्ज तुमच्या खिशात येते.

पैसे आणि पावती

एवढे झाले की मगच पैसे. शक्यतो यूपीआयने, विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव दिसते, ते बिलावरच्या किंवा ओळखपत्रावरच्या नावाशी मिळते का पाहा. ‘माझ्या मित्राच्या नंबरवर टाका’ म्हटले तर कारण विचारा, आणि कारण पटले नाही तर उठा. रोखीत सोय वाटते, पण रोख पैशाचा पुरावा राहत नाही. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक राहतो.

पावतीला स्टॅम्प पेपर लागत नाही. वहीच्या कागदावर एवढे पुरे:

‘मी, (पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक), माझा (कंपनी, मॉडेल) हा फोन, आयएमईआय क्रमांक (दोन्ही), श्री./श्रीमती (घेणाऱ्याचे नाव) यांना रुपये (आकड्यात व अक्षरात) ला विकला. पैसे यूपीआयने मिळाले, संदर्भ क्रमांक (…). फोन माझ्या मालकीचा आहे, चोरीचा नाही, त्यावर कर्ज बाकी नाही. मूळ बिल सोबत दिले आहे. दिनांक, ठिकाण, सही.’

सोबत ओळखपत्राची प्रत घ्या. आधार द्यायला कोणी कचरले, तर ते योग्यच आहे. शेवटचे चार आकडेच दिसणारे ‘मास्क्ड’ आधार किंवा वाहन परवाना चालतो.

घरी आणल्यावर

बँकेचे ॲप घालण्याआधी फोन स्वतःच्या हाताने एकदा आणखी पुसा. विकणाऱ्याने दिलेले मेमरी कार्ड वापरू नका, त्याने सुचवलेले ॲप घालू नका. मग फोनचे अपडेट, पडद्याचे कुलूप, आणि त्यानंतर अधिकृत ॲप स्टोअरमधूनच बँकेचे ॲप. ॲप ‘हा फोन सुरक्षित नाही’ म्हणून उघडायला नकार देत असेल, तर फोनच्या मूळ यंत्रणेत कोणीतरी फेरफार केलेला असू शकतो. तो नकार चुकवायच्या युक्त्या इंटरनेटवर शोधू नका.

फोन बदलला की यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि अनेक बँका पहिल्या २४ तासांत पाच हजार रुपयांपर्यंतच पाठवू देतात. आयफोनवर काही बँकांत हा काळ ७२ तासांचा असतो. त्यामुळे फी भरायची किंवा हप्ता पाठवायचा असेल, त्याच दिवशी सिम नव्या फोनमध्ये घालू नका.

फसलोच तर

आता तो १९३० आकडा. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन हीच, कोणत्याही राज्यातून लागते. पैसे गेले असे कळताच आधी तिथे फोन करा, लगेच बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ठगाच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी खबर पोहोचली, तर ते रोखून धरता येतात; म्हणून इथे मिनिटांचा हिशेब असतो. लाज वाटते म्हणून रात्र जाऊ देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले होते की, खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याने सोसावे. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घेऊन लिहून ठेवा.

फोन घेऊन काही महिने झाल्यावर दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन येण्याचीही शक्यता असते. चोरीला गेलेल्या फोनची नोंद झालेली असेल, तर त्यात सिम घातल्यावर ते सिम कोणाच्या नावावर आहे हे पोलिसांना कळते, आणि ते नाव तुमचे असते. अशा वेळी फोन बंद करून कपाटात टाकणे किंवा घाईने दुसऱ्याला विकणे, दोन्ही अंगाशी येते. बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि ठाणे विचारून घ्या. बिल, पावती, यूपीआयचा संदर्भ क्रमांक आणि विकणाऱ्याशी झालेले संदेश घेऊन आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि तिथून खात्री करून घ्या. फोन जमा करावा लागला, तर जमा केल्याची लेखी पोच मागा. आणि बोलणारा ‘प्रकरण इथेच मिटवू, या क्रमांकावर पैसे पाठवा’ म्हणाला, तर तो पोलीस नाही. तेव्हाही १९३० लाच फोन करायचा.